हातात खुरपे, लक्ष दुसरीकडे



आकाशवाणीच्या अधिकाऱ्यांनी मला बागकामावर बोलायला सांगितले, तेव्हा मी त्यांना प्रामाणिकपणे म्हटले, "अहो, मी अर्थशास्त्र शिकवतो. माझ्या वांग्यांना कीड लागते, माझी कोथिंबीर पानांच्या आधी फुलावर येते. खत किती घालावे, फवारणी केव्हा करावी हे सांगायला तुमच्याकडे कृषी विद्यापीठाची जाणती मंडळी येतात. त्यांच्यापुढे मी काय बोलणार?" ते हसून म्हणाले, "मग बागेत तुम्हाला जे चांगले जमते त्यावर बोला." मी घरी येईपर्यंत विचार केला. बागेत मला एकच गोष्ट चांगली जमते, ती म्हणजे हातातले काम थांबवणे. तेव्हा आज बोलायचे ते त्यावरच.

आधी बाग म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर तुमच्या डोळ्यांपुढे कारंजी नि हिरवळ उभी राहायची. सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी आमचे महाविद्यालय आहे. वसतिगृहाच्या मागे, विहिरीला लागून, अकरा गुंठ्यांची एक पट्टी वर्षानुवर्षे गाजरगवताखाली पडून होती. आम्ही दहाजणांनी प्राचार्यांकडे अर्ज केला आणि ती पट्टी भाजीपाल्यासाठी मिळवली. प्रत्येकाच्या वाट्याला एक गुंठा आला. उरलेला अकरावा गुंठा पायवाट, पाट आणि भांडणे यांत गेला. गुंठा म्हणजे तेहेतीस फूट लांब नि तेहेतीस फूट रुंद. चिठ्ठ्या टाकून वाटणी झाली. माझ्या डाव्या अंगाला आमच्या ग्रंथपाल बाई, उजव्या अंगाला शिपाईमामा, आणि पाटापलीकडे वनस्पतिशास्त्राचे सर. सगळ्यांत वाईट वांगी या सरांची. हे रेडिओवर सांगितले म्हणून ते रागावणार नाहीत, कारण ते स्वतःच सांगत फिरतात. विहिरीवर मोटार आहे आणि पाण्याच्या पाळ्या मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवल्या आहेत.

ही पद्धत आम्ही काढली असे आम्हाला काही दिवस वाटत होते. पण विलायतेत ती फार जुनी आहे. ज्याच्या घराला अंगण नाही अशा कामकऱ्याला गावाच्या कडेला जमिनीचा एक तुकडा थोड्याशा खंडाने द्यायचा. त्यात त्याने घरापुरते बटाटे, कोबी, वाटाणा करायचा. १९०८ साली तिथे कायदा झाला, आणि लोकांनी मागणी केली तर असे तुकडे मिळवून देणे हे तिथल्या स्थानिक मंडळांचे कर्तव्य ठरले. या तुकड्याचे जुने ठरीव माप म्हणजे दहा रॉड, म्हणजे एकराचा सोळावा हिस्सा. आपल्या मापाने बरोबर अडीच गुंठे. म्हणजे इंग्लंडातला कामकरी आमच्या प्राध्यापकापेक्षा अडीचपट मोठा जमीनदार! असो.

अर्थशास्त्राचा माणूस असल्यामुळे पहिल्या वर्षी मी वही घातली. एका बाजूला घातलेले तास, दुसऱ्या बाजूला निघालेला माल. तासाला शेतमजुराची मजुरी धरली. प्राध्यापकाचा पगार धरण्याचे धैर्य झाले नाही. तरीसुद्धा माझी मेथीची जुडी बाजारातल्या जुडीच्या सहापट महाग पडू लागली. कुठेतरी गळती आहे हे उघड होते. म्हणून वहीत तिसरा रकाना पाडला आणि त्याला नाव दिले 'खोळंबा'. बागेत असूनही काम न केलेला वेळ त्यात मांडायचा. एक आठवडाभर मांडला आणि वही मिटून ठेवली. दोन तासांतला पाऊण तास त्या रकान्यात जात होता! पण एक झाले. खोळंबा कशाकशाने होतो त्याची यादी हाती आली, आणि ती यादी मला मेथीपेक्षा मोलाची वाटू लागली.

यादीत पहिला नंबर साळुंकीचा. मी कुदळ हातात घेतली की पाच मिनिटांत ती हजर. दोन हातांचे अंतर राखून माझ्या बरोबरीने चालते, ढेकूळ उलटले की पुढे होऊन हुमणी उचलते, पुन्हा मागे सरते. मी थांबलो की तीही थांबते आणि मान तिरकी करून बघते. मुकादमाची ही नजर मी ओळखतो. नांगरामागे गायबगळे चालतात ते तुम्ही जन्मापासून बघत आला आहात, तुम्हाला यात नवल वाटणार नाही. मला अजून वाटते. कोतवाल तारेवर बसून असतो. पालापाचोळा हलवला आणि त्यातून किडा उडाला, की तारेवरून सूर मारून त्याला हवेतल्या हवेत टिपतो आणि परत नेमक्या त्याच जागी जाऊन बसतो. सातभाई भांडत येतात आणि भांडत जातात. किती आहेत ते मोजायला गेलो तर सात कधीच भरत नाहीत. कधी सहा, कधी नऊ. पण मोजण्यात दहा मिनिटे जातात.

एका श्रावणात वांग्याच्या झाडाखालचे तण काढताना हात एकदम मागे घेतला. दोन रुंद पाने कडेने एकमेकांना शिवलेली होती. शिवलेली म्हणजे खरोखर शिवलेली: पानाच्या कडेला ओळीने भोके पाडलेली आणि त्यांतून कापसाचा, कोळिष्टकाचा धागा ओवलेला. आत काडी-कापसाची वाटी, आणि वाटीत तीन अंडी. शिंपी पक्ष्याचे घरटे. हा पक्षी चिमणीपेक्षाही लहान. आवाज मात्र साऱ्या वसतिगृहाला ऐकू जाईल एवढा. त्या वाफ्यात पुढे तीन-साडेतीन आठवडे मी खुरपे घातले नाही. तण गुडघ्याएवढे झाले. ग्रंथपाल बाई बांधावर उभ्या राहून म्हणाल्या, "सर, ही भाजी कोणती म्हणायची?" मी म्हटले, "पाखरांची." पिल्ले उडून गेली त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून ते तण उपटले.

दुसरा मोठा गुन्हेगार काळा भुंगा. वांग्याच्या फुलावर तो बसला की त्याचे गुणगुणणे एकाएकी बदलते, सूर चढतो, बारीक होतो आणि फूल थरथरते. मला वाटे, तो अडकला असेल. वनस्पतिशास्त्राच्या सरांनी कारण सांगितले. वांग्याच्या फुलातले परागकण उघड्यावर नसतात. केसरांच्या टोकाला बारीक छिद्रे असतात आणि पराग आत कोंडलेले असतात, मिठाच्या डबीतल्या मिठासारखे. भुंगा फुलाला मिठी मारतो, पंख न हलवता अंगाचे स्नायू थरथरवतो आणि पराग त्या छिद्रांतून झडतो. मधमाशीला हे करता येत नाही. टोमॅटोचीही तीच तऱ्हा. म्हणजे आपल्या भरल्या वांग्याच्या मुळाशी हा गुणगुणणारा भुंगा आहे, आणि तो सुक्या लाकडात भोक पाडून राहतो. हे कळल्यापासून मांडवाचा पोखरलेला वासा मी बदललेला नाही.

फुलांच्या वेळा बघणे हाही एक चाळा लागला. तांबड्या भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दुपार व्हायच्या आत मिटते. त्याला बघायचे तर चहाच्या आधी गेले पाहिजे. भेंडीचे सकाळी उघडते, संध्याकाळी मान टाकते. दोडका मात्र उन्हे उतरल्यावर पिवळा होतो आणि दुधीची पांढरी फुले त्याच्याही मागून, तिन्हीसांजेला. कारण दुधीची गिऱ्हाइके म्हणजे रात्रीचे पतंग. आणि मौज अशी की दोडक्याचे भावंड जे घोसाळे, ते सकाळी फुलते! एकाच मांडवावर दोघांचे वेल चढवा म्हणजे तुम्हाला दोन वेळा जावे लागेल. मी चढवले आहेत.

माणसांचाही खोळंबा असतोच. शिपाईमामा चंची सोडतात म्हणजे पाव तासाची निश्चिंती. मी तंबाखू खात नाही, पण चुना लावण्यापासून चिमूट ओठाखाली जाईपर्यंत ते जे बोलतात ते मला कुठल्या पुस्तकात मिळाले नाही. कोणत्या आडात कोणत्या साली पाणी आटले, कोणाच्या परसात अजून देशी पावटा आहे, तो बियाला मागताना काय बोलावे आणि काय बोलू नये, हे सारे. खिशातला मोबाईल वाजतो तो खोळंबा मात्र मी या यादीत धरीत नाही. त्याने काम थांबते आणि बदल्यात काहीच मिळत नाही. बागेत जाताना मी तो घरी ठेवतो, घरचे रागावतात.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. काम थांबवून बघत राहणे हा बहुतेक पुरुषी विरंगुळा आहे. माझी आई आणि गल्लीतल्या बायका भांगलायला बसत, तेव्हा त्यांचे हात थांबलेले मी कधी पाहिले नाहीत. ओळीत बसायचे, खुरपे चालू, हराळीची मुळी उपटून डाव्या हाताने मागे टाकायची, आणि तोंडाने साऱ्या गावाचा पंचनामा. कोणाची सून माहेरी का गेली ते पात लागल्यापासून पात संपेपर्यंत पुरे. मध्येच घोळ दिसली, तांदुळजा दिसला, तर तो तणाबरोबर फेकला जात नसे, ओच्यात जाई. संध्याकाळची भाजी झाली. त्यांचा विरंगुळा कामाच्या पोटातच असे. आमचा कामाच्या बाहेर असतो, म्हणून तो वहीत मांडावा लागतो.

आता रेडिओजवळ बसलेला एखादा शेतकरी म्हणेल, "मास्तर, तुमचं बरं आहे. पहिल्या तारखेला पगार होतोय. तुम्ही घोसाळ्याची फुलं मोजा, नाहीतर सातभाई मोजा. आमचं एक पाणी चुकलं तर वर्ष जातं." त्याचे म्हणणे खरे आहे. ते खरे आहे हे मला पुस्तकातून कळलेले नाही, म्हणून ती हकीकत सांगतो.

माझे वडील माण तालुक्यात कोरडवाहू शेती करीत. एक विहीर होती, पण तिचे पाणी मकर संक्रांतीनंतर पळीने मोजावे असे. सगळी भिस्त शाळूवर. १९९०-९१ साल असावे. मी सहावीत होतो. कणसे चिकात येऊन दाणा भरत चालला होता आणि पाखरे राखायला माणूस हवा होता. शाळा सुटली की मी दप्तर आईकडे फेकून रानात जाई आणि दिवस बुडेपर्यंत माळ्यावर उभा राहून गोफण फिरवी.

शाळूवर येणारी चिमणी वेगळी आणि भोरडी वेगळी. भोरड्या म्हणजे गुलाबी पोटाच्या, काळ्या डोक्याच्या साळुंक्याच म्हणा ना. काही लोक त्यांना पळसमैना म्हणतात. त्या इथल्या नव्हेत. मध्य आशियातून आणि त्याच्याही पलीकडून पावसाळ्याच्या सुमारास आपल्याकडे येतात आणि चैत्राच्या आगेमागे परत जातात. त्या टोळही खातात, हे मला पुष्कळ पुढे कळले. तेव्हा एवढेच ठाऊक होते की, त्यांचा थवा ज्या रानात उतरला तिथे कणसाच्या जागी पिशी उरते.

त्या दिवशी सूर्य डोंगराला टेकला होता. पूर्वेकडून एक थवा आला. मग दुसरा. मग दोन्ही एक झाले. हजारो पाखरे होती, आणि त्यांच्यात धक्का नाही, गोंधळ नाही. सगळी एकदम वळत, आणि वळताना थवा काळा होई. पुन्हा वळत, आणि विरळ होऊन धुरासारखा दिसेनासा होई. मध्येच त्याची लांब दोरी होई, मध्येच मोटेएवढा गोळा. डोक्यावरून गेला तेव्हा पंखांचा आवाज पावसासारखा आला. माझ्या हातात गोफण होती, गोफणीत खडा होता. मी तो मारला नाही. मारायचा असतो हेच विसरलो होतो. थवा दोनदा, तीनदा फिरला आणि मग कुणी चादर झटकून अंथरावी तसा आमच्या शाळूवर उतरला. तेव्हाही मी बघतच होतो.

आबा विहिरीकडून पळत आले. पत्र्याचा डबा बडवीत, ओरडत, ताटे मोडीत आले. पाखरे उठली, पण चार तासांची कणसे निम्मीशिम्मी झाली होती. आबांनी माळ्यापाशी येऊन हात वर केला. मला वाटले, आता मारतात. त्यांनी फक्त माझ्या हातातली गोफण काढून घेतली. बोलले काहीच नाहीत. दुसऱ्या दिवसापासून राखणीला थोरला भाऊ गेला. त्याची दहावी होती.

चार तासांचा शाळू म्हणजे किती, याचा हिशेब अर्थशास्त्राच्या एम. ए. ला मांडता येईल. मी आजवर मांडलेला नाही. म्हणून जो शेतकरी म्हणतो की विरंगुळा ज्याला परवडतो त्याने करावा, त्याच्याशी मी वाद घालीत नाही.

पण शिक्षकांशी मात्र थोडा वाद घालायचा आहे. पुष्कळ शाळांत आता परसबाग असते, आणि बहुतेक ठिकाणी तिची एकच तक्रार ऐकू येते: मुले कामात लक्ष देत नाहीत. या तक्रारीचा जुना इतिहास आहे. जर्मनीत लाइपझिग शहरात १८६४ साली एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी पालकांची एक संस्था काढली आणि तिला, तीन वर्षांपूर्वी वारलेल्या श्रेबर नावाच्या एका डॉक्टरांचे नाव दिले. शहरातल्या मुलांना खेळायला मोकळी जागा मिळावी हा हेतू. थोड्याच वर्षांत गेझेल नावाच्या एका शिक्षकांनी त्या मैदानाच्या कडेला लहान लहान वाफे पाडले आणि ते मुलांना दिले. मुलांनी बी पेरावे, पाणी घालावे, श्रमाचे शिक्षण घ्यावे. कल्पना उत्तम होती. पण मुले ती मुलेच! समोर मैदान, मैदानात चेंडू. वाफ्यांत तण माजले. तेव्हा मुलांना न्यायला येणारे आईबाप वाकून ते तण काढू लागले, मग पेरू लागले, मग त्यांनी कुंपण घातले, खोपटे बांधले, आणि वाफे आईबापांचेच झाले. आज जर्मनीत शहरांच्या कडेला अशा लाखो बागा आहेत. त्यांना अजून त्या डॉक्टरांच्या नावाने श्रेबरबागा म्हणतात, आणि त्या डॉक्टरांनी त्यांतली एकही पाहिली नव्हती. लाइपझिगला आता अशा बागांचे संग्रहालयही आहे. हे सगळे कशामुळे? मुलांचे लक्ष उडाले म्हणून.

ही झाली गंमत. पण दुसरे एक उदाहरण घ्या. चार्ल्स डार्विन हा एवढा मोठा शास्त्रज्ञ. त्याचे शेवटचे पुस्तक १८८१ साली निघाले ते गांडुळांवर. आपल्या मुलाबाळांना हाताशी धरून हा म्हातारा कुंड्यांतल्या गांडुळांचे प्रयोग करीत बसे. त्यांना ऐकू येते का हे बघायला मुलाकडून त्यांच्यापुढे मोठे वाद्य वाजवून घेतले. गांडुळे ढिम्म. मग कुंडी पियानोवर ठेवून पट्टी दाबली. तेव्हा मात्र ती बिळात पळाली. म्हणजे कान नाहीत, पण थरथर कळते. त्याने असाही अंदाज बांधला की, तिकडच्या जमिनीत वर्षाला एकरी दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटातून जाते. आमच्या गुंठ्याला पाव टन पडले! आमची माती वेगळी, पाऊस वेगळा, तेव्हा हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. पण कुदळीखाली गांडूळ निघाले म्हणजे मी ते हळूच बाजूला करतो. आता मला सांगा, पाणी घालायला पाठवलेला मुलगा गांडुळाशी खेळत बसला तर त्याच्या पाठीत धपाटा घालायचा की त्याला विचारायचे, "काय दिसलं रे?" पाणी तर घालून घ्यायचेच. पण विचारायला किती वेळ लागतो?

हे बोलणे सोपे आहे. मला स्वतःला ते किती जमले तेही सांगून टाकतो.

दोन वर्षांपूर्वी फाल्गुनात आबा आमच्याकडे राहायला होते. डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. पट्टी निघाली, महिना झाला, डॉक्टरांनी बाहेर फिरायला मोकळीक दिली. कित्येक वर्षे धुक्यातून बघितल्यानंतर त्यांना आता सगळे स्वच्छ दिसू लागले होते, आणि त्यांना घरात बसवेना. मी त्यांना बागेत घेऊन जाऊ लागलो. माझ्या वाफ्यांकडे त्यांनी पहिल्या दिवशी एकदा नजर टाकली आणि म्हणाले, "ह्याला तू रान म्हणतुस?" पण दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या सऱ्या नीट करून दिल्या.

एका शनिवारी सकाळी माझी पाण्याची पाळी होती. मी भोपळ्याच्या वेलाला मांडवावर बांधत होतो आणि आबा दारे धरीत होते. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: एक वाफा भरला की फावडेभर मातीने त्याचे तोंड बुजवायचे आणि पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचे. साठ वर्षे त्यांनी हे काम केले, रात्री-अपरात्री, कंदील घेऊन, साप-किरडाची पर्वा न करता. त्यांच्या हातून दार चुकले असे मी कधी पाहिले नव्हते.

थोड्या वेळाने ग्रंथपाल बाईंचा आवाज आला. पाहतो तो माझा शेवटचा वाफा केव्हाच भरून वाहू लागला होता, बांध फुटला होता आणि पाणी बाईंच्या वाफ्यात शिरले होते. बाईंनी आदल्याच दिवशी मेथी पेरलेली. बी तरंगत पाटाच्या कडेला गोळा झाले होते. आणि आबा फावड्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून, पाठ वळवून उभे. पाणी त्यांच्या पायांवरून जात होते.

मी मोठ्याने ओरडलो, "आबा! लक्ष कुठंय तुमचं?"

बाईंच्या समोर ओरडलो. शिपाईमामाही तिथेच होते.

आबांनी दचकून मागे पाहिले, पाण्याकडे पाहिले आणि चटकन वाकून दार बुजवले. मग बांधाचे भगदाड बुजवले. ते वाकले तेव्हा त्यांच्या पाठीमागे काय आहे ते मला दिसले. विहिरीच्या कडेला काटेसावरीचे झाड आहे. फाल्गुनात त्याला पान नसते, नुसती लाल फुले. ते झाड भोरड्यांनी भरून गेले होते. फुलाफुलात तोंड घालून त्यांचा कलकलाट चालला होता, आणि लाल फुलांवर त्यांची गुलाबी पोटे उन्हात चकाकत होती. परतीच्या वाटेला लागायच्या आधी त्या अशा फुलांवर येतात.

मी मोटार बंद केली. बाई फार भल्या. "मेथीच ती, पुन्हा पेरता येते" असे म्हणून त्या बी वेचू लागल्या. आबाही त्यांच्याबरोबर चिखलातले बी वेचायला बसले. मीही बसलो. बराच वेळ कोणी बोलले नाही.

मग आबा खाली मान घालूनच म्हणाले, "त्या दिशी मी बी बघतच हुतो."

मी विचारले, "कोणत्या दिवशी?"

"शाळूवर भोरडी पडली त्या दिशी. मी इहिरीवर हुतो. थवा आला तसा मी मोटार बंद कराया गेलो, आन् तिथंच उभा ऱ्हायलो. तीन येढं घातलं बग त्यानं. तवा आधीच पळालो असतो, तर एक तास बी गेलं नसतं." थोडे थांबून ते म्हणाले, "तुज्या आईला सांगितलं न्हाई मी. तुलाच गोफण सोडाया लावली."

बाईंनी आमच्या दोघांकडे पाहिले. त्यांना यातले काही कळले नसावे. त्यांनी विचारले, "ही कोणती पाखरे हो, आबा?" आबांनी हातातले बी फडक्यात टाकले, उठून उभे राहिले आणि त्यांना पाखरांची सगळी माहिती सांगू लागले: ती कुठे रात्र काढतात, कोणत्या वाऱ्याने येतात, कणसाचा दाणा कसा काढतात, आणि गोफणीचा खडा थव्यात न मारता थव्याच्या पुढे का मारावा. शिपाईमामांनी चंची काढली. वनस्पतिशास्त्राचे सर पाट ओलांडून आले. माझ्या पाळीतली पंचवीस मिनिटे अजून शिल्लक होती आणि दोन वाफे कोरडे होते. मोटार सुरू करायला कोणीच उठले नाही.